उष्टी हळद

पाथर्डी मागे पडून बराच वेळ झाला होता आणि मोहटादेवीचा डोंगर आता नीट दिसू लागला होता. सरोजिनीबाई पुढे आणि बजरंग मागे, असं चाललं होतं. खरं तर उलटं असायला हवं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून निघालेल्या. बजरंग तिशी ओलांडलेला, बोअरमधली मोटर ओढून वर काढणारा गडी. पण आज त्याचं पाऊल उचलत नव्हतं.

नवस त्याच्या आईचा, साळूबाईचा होता. पोराचं लग्न जमलं की पहिली पत्रिका पायी नेऊन देवीपुढं ठेवीन. आता साळूबाईला अंगणातून ओट्यावर चढवत नाही, म्हणून तिनं शेजारच्या बाईंना गळ घातली. बजरंगला हाताला धरून अक्षरं गिरवायला बाईंनीच लावलं होतं. त्या लगेच हो म्हणाल्या. अनायासे देवीचं दर्शन घडत असेल तर त्यांना ते कधीच नको नसायचं.

हे लग्न जमायला फार वर्षं लागली होती. बाप लवकर गेला. दहावीनंतर बजरंगनं जळालेल्या मोटरी भरायचं काम शिकून घेतलं आणि तांब्याच्या तारेचे वेढे देत देत दोन बहिणींची लग्नं केली. स्वतःची पाळी आली तेव्हा जो तो विचारायचा, मुलगा नोकरीला आहे का? ऐन उन्हाळ्यात मोटर जळाली की ह्याच्या दारात येऊन बसणारी माणसं, आपली मुलगी द्यायची म्हटलं की विषय बदलायची. शेवटी कर्जतकडची ज्ञानेश्वरी हो म्हणाली. पाहायला गेला तेव्हा तिनं त्याच्या बोटांवरचे तारेचे चरे बघून दुखतं का म्हणून विचारलं होतं. एवढं एक वाक्य बजरंगनं अख्ख्या गावाला ऐकवलं होतं.

वाटेत एक लिंब लागला. बाई सावलीला टेकल्या आणि त्याची वाट बघत राहिल्या. तो आला तसं म्हणाल्या, "काय रे, नवरदेवाला आत्ताच दम लागला? बोहल्यावर काय खांद्यावर न्यायचं तुला?"

बजरंग हसला नाही. हातातली पिशवी त्यानं बाईंच्या शेजारी ठेवली.

"बाई, ही पत्रिका देवीपुढं ठेवायची न्हाई. लग्न मोडायचं म्हनतोय मी."

मग जे काही सांगितलं ते झाडाच्या खोडाकडं बघत सांगितलं. परवा तो पुण्याला तार आणायला गेला होता. बरोबर दोन मित्र होते. लग्नाआधीची शेवटची मजा म्हणून त्यांनी त्याला एका लॉजवर नेलं. हा नको म्हणाला तर त्याला बायल्या म्हणून हसले. मग हा गेला. तिथल्या बाईकडं गेला. निरोध वापरला होता. पण घरी आल्यापासून घसा धरला होता, आणि मोबाईलवर एड्सची जी लक्षणं वाचली त्यात घसा होताच. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नव्हतं.

बाईंचे कान तापले. दोन थोबाडीत द्याव्यात असंही मनात आलं. ह्याच्यासाठी आपण देवीच्या वाटेला लागलो? त्या पदरानं मान पुसत बसून राहिल्या.

"आईला काल सांगितलं, माझी उष्टी हळद तिकडं पाठवू नका," बजरंग म्हणाला. "मंग रात्री वाटलं, नुसती हळद थांबवून काय व्हतंय?"

नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीकडं जाते, तीच तिला लावतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यावरून साळूबाईनं काल घर डोक्यावर घेतलं होतं, ते भिंतीपलीकडं बाईंना ऐकू आलं होतं. पोराला शहराचं वारं लागलं, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

"हळदीनं काय केलं रे तुझं?"

"माझ्या अंगाचं तिच्या अंगाला लागंल ना, बाई. तिचा काय गुन्हा?"

बाईंचा राग तिथंच अर्धा झाला. त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला आणि भाचीला, दिपालीला लावला. ती नगरला नर्स आहे. नाव न सांगता बाईंनी सगळं सांगितलं. दिपालीनं एवढंच विचारलं, कधीची गोष्ट? परवा संध्याकाळची म्हटल्यावर ती म्हणाली, "मावशी, जिथं असाल तिथून मागं फिरा. औषध लागेल की नाही ते तपासणारे ठरवतील, पण लागलंच तर तीन दिवसांच्या आत सुरू करावं लागतं. जितकं लवकर तितकं चांगलं. पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशन केंद्र आहे, तिथं आजच जा."

बाईंनी डोंगराकडं पाहिलं. नवसाची वाट अर्ध्यावर सोडणं त्यांच्या जिवावर आलं. तिथूनच त्यांनी हात जोडले, चुकलं असेल तर माझ्या पदरात घाल म्हणाल्या, आणि समोरून पाथर्डीकडं येणाऱ्या दुधाच्या पिकअपला हात केला.

केंद्रात समुपदेशक पंकजा मॅडम होत्या. बाई बाहेर बसणार होत्या, पण बजरंग म्हणाला, तुमी आत चला, मला एकट्याला सांगता यायचं न्हाई. मग बाई आत बसल्या आणि सगळा वेळ खिडकीतून सायकल स्टँड बघत राहिल्या. मॅडमनी दार लावून घेतलं आणि भाव ठरवावा इतक्या सहज एकेक विचारलं. निरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता का? निसटला का? कुठं जखम, रक्त? फाटला होता का?

"फाटला न्हवता," बजरंग म्हणाला. "म्या नंतर नळाखाली पानी भरून बघितला. मोटरीचं सील बघतो तसा."

मॅडमना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. उठून डॉक्टरांशी बोलून आल्या.

"भाऊ, तुम्हाला औषध नको. निरोध पूर्ण वेळ होता आणि शाबूत होता, म्हणजे धोका जवळजवळ नाहीच. ते औषध महिनाभर रोज घ्यावं लागतं, त्याचा त्रासही होतो. नुसत्या भीतीसाठी आम्ही ते देत नाही. फाटला असता तर पहिली गोळी आत्ता इथंच दिली असती."

घशाचं म्हणाल तर इतक्या लवकर त्या आजाराचं काही दिसत नाही, उन्हातान्हात फिरून घसा धरला असेल, असंही त्यांनी सांगितलं. आज रक्त तपासू, पण आजचा रिपोर्ट परवाच्या आधीचंच सांगेल. परवाचं पक्कं कळायला तीन महिन्यांनी परत या. तोवर मनाला शंका नको असेल तर लग्नानंतर घरातही निरोध वापरा.

बजरंग मान हलवत राहिला. त्याला विचारायचं होतं ते त्याच्या तोंडून निघेना, म्हणून बाईंनीच विचारलं, "आणि मॅडम, हळदीचं काय? ह्याची उष्टी हळद मुलीला चालेल का?"

"हळदीनं होत नाही. हात धरल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानंही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "खुशाल पाठवा."

बजरंगनं टेबलावर डोकं टेकवलं. त्याची पाठ हलत होती. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पहिलीत पडून आला की ठेवायच्या तसा.

रिपोर्ट चांगला आला. दोघं दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसले. बाईंनी घरून आणलेल्या दशम्या सोडल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला. बाईंना वाटलं, मिटलं. सुटलास बाबा, त्या म्हणाल्या, आता ह्यातलं कुणाला काही कळायची गरज नाही. तीन महिने मॅडमनी सांगितलं तसं वाग, म्हणजे झालं.

बजरंगनं हात धुतले, रुमालाला पुसले.

"ज्ञानेश्वरीला सांगावं लागंल, बाई."

"अरे पण धोका नाही म्हणाल्या ना त्या?"

"धोका न्हाई. पन झालं ते तर झालंच हाय. अन् निरोध कशापायी म्हनून तिनं विचारलं, तर रोज एक खोटं बोलू का?"

देवाधर्माचं बोलणाऱ्या आपण, आणि लपव म्हणून आपणच सांगत होतो, हे बाईंच्या लक्षात आलं. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"उद्या माझ्यासंगं कर्जतला चला," बजरंग म्हणाला. "बोलीन म्याच, तुमी नुसतं तिच्याजवळ बसा. अन् ती न्हाई म्हनली ना, तर तिच्या घरी, आपल्या गावात, माझ्या आईलासुदिक, बजरंगनंच लग्न मोडलं असं सांगा. तिच्यावर बोल येऊ देऊ नका, बाई. एवढं माझ्यासाठी करा."