अर्लची तांब्याची भट्टी

"एवढी वर्षं व्हिस्कीच्या कारखान्यात काढलीस आणि थेंब घेतला नाहीस?" असं पार्टीत कुणीतरी विचारतंच. मग एक किस्सा सांगावा लागतो, आणि त्याच्यामागोमाग दुसरा येतो. ऐंशीच्या दशकात मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या, जुन्या माल्ट व्हिस्कीच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. सांगलीच्या साखर कारखान्यातून थेट तिथे!

*

इंटरव्ह्यू घेतला अर्लने. हा तिथला मुख्य कारागीर, साठी उलटलेला. मोड आणून वाळवलेली मूठभर बार्ली, म्हणजेच माल्ट, त्याने माझ्या नाकाशी धरली.

"कसला वास?"

"आई नाचणीचं सत्त्व करायची, तसा. मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं."

अर्ल मॅनेजरकडे वळला. "याला घ्या. निम्मं काम आईने शिकवलंय."

*

मुलगी तिथेच जन्मलेली. शाळेत सांगून आली, "माय डॅड स्मेल्स व्हिस्की ऑल डे." टीचरने बायकोला बोलावलं आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

बायको म्हणाली, "अगदी ठीक. वास घेण्याचाच पगार मिळतो त्यांना."

*

भट्टीतून येणाऱ्या धारेतला कुठला भाग ठेवायचा, हे अर्ल नाकाने ठरवायचा. म्हणून तिथे आफ्टरशेव्ह बंद, लसूण बंद. एकदा माझ्या डब्यात चुकून लसणाची चटणी आली. अर्लने मला पार्किंगमध्ये पिटाळलं. "आज तुझं नाक कामाचं नाही. डबा मात्र इथेच राहू दे."

तासाभराने तोही रिकामा डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. त्या दिवशी मॅनेजरने नाक चालवलं. ती सगळी धार आम्ही पुन्हा भट्टीत घातली.

*

भट्टी अर्लच्या आजोबांनी बसवलेली. अमेरिकेतल्या दारूबंदीची तेरा वर्षं ती थंड पडून होती, तरी अर्लचे वडील दर शनिवारी तांबं घासून लख्ख करायचे. मी विचारलं, "कशासाठी?"

"शनिवार असायचा म्हणून," अर्ल म्हणाला.

*

मग लोक व्होडकाकडे वळले आणि मालकांचं पत्र आलं. शुक्रवारी भट्टी कायमची बंद. मला शॉमबर्ग गावी दुसरी नोकरी मिळाली होती. अर्लला या भट्टीशिवाय दुसरं काहीच नव्हतं. मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी पाहतो तर अर्लने माल्ट भिजवून, यीस्ट घालून मोठा हौद काठोकाठ भरलेला. आंबायला चार दिवस लागतात! मॅनेजर धावत आला.

"अर्ल, उद्या बंद आहे. सोमवारी हे कोण गाळणार?"

अर्ल हौदातला फेस बघत होता. "यीस्टला कुणी पत्र पाठवलेलं नाही."

सोमवारी सात वाजता मी गेलो. का गेलो, ते मलाही सांगता येणार नाही. भट्टीपाशी अर्ल होता, आणि कारखान्यातले बाकीचे दहाही जण आपापले डबे घेऊन हजर होते. थोड्या वेळाने गेटला लावायचं मोठं कुलूप घेऊन मॅनेजर आत आला. त्याने एकेकाकडे बघितलं. कुलूप खिडकीत ठेवलं, कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "अर्ल, वाफ किती झालीय?"