दादा त्या वाटेवर काय करत होता?

फोन दादाचा होता. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं म्हणून मी कणकेच्या हातानंच, करंगळीनं स्पीकर लावला आणि म्हटलं, "बोल रे." पलीकडून आवाज मात्र दुसऱ्याचा... "दीदी, मैं दुबे बोल रहा हूँ. भाईसाहब को कुछ हो गया है. आप लोग जल्दी आ जाइए." कुठे, विचारलं तर म्हणाले, गौर नदीच्या वरच्या अंगाला, जंगलातल्या कच्च्या वाटेवर. मी म्हटलं, "वहाँ कैसे? वो तो भेड़ाघाट गए हैं ना?" त्यावर दुबेजी गप्प झाले. आज इतक्या आठवड्यांनंतरही त्या बातमीपेक्षा त्यांचं ते गप्प होणंच मला जास्त आठवतं.

दादा, म्हणजे मुकुंद, माझा थोरला भाऊ. संरक्षण खात्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात त्याची सगळी नोकरी गेली. तयार होऊन आलेला भाग उजेडात धरायचा, कडेवरून बोट फिरवायचं आणि शंका आली की बाजूला ठेवायचा. घरीही तो तसाच. भाजीवाल्याचा दुधी असो की पाहुण्यानं केलेलं कौतुक, सगळं उलटून पाहणार. पाळी सुटताना गेटवर उसळणारी गर्दी, ते हॉर्न, मागून येऊन चिकटणारे ट्रक, या सगळ्यातून आयुष्यभर सायकल काढून त्याला डांबरी रस्त्याचा मनस्वी वीट आला होता. निवृत्त झाल्यावर पुण्याहून निखिलनं, त्याच्या मुलानं, ग्रॅव्हल बाइक पाठवली. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र रुंद आणि खडबडीत, कच्च्या रस्त्यासाठी केलेले. "जिथं मोटार पोचत नाही तिथं ही पोचते," असं तो शेजाऱ्यांना सांगायचा, जणू ती त्यानंच घडवली होती. दर रविवारी फटफटायला लागलं की तो अधारतालच्या घरून निघायचा. सोबत दुबेजी. तेही त्याच विभागातले, त्याच्यानंतर वर्षभरानं निवृत्त झालेले, फार न बोलणारे.

एकदा हिवाळ्यात त्यानं मलाही ओढून नेलं. कालव्याच्या कडेनं जाणारी वाट, एका बाजूला हरभऱ्याची शेतं, दुसरीकडे पाणी. मी आपली सारखी मान वळवून मागं बघत होते. शेवटी त्यानं सायकल थांबवली. "सुनंदा, काय बघून राहिली?"

"मागून काही येईल..."

"इथं मागून कोणी येत नाही. मान सरळ ठेव ना बाई." आणि मग थोडं थांबून, "मला पण सवय सुटायला लई दिवस लागले." त्या सकाळी चाकाखाली खडी कुरकुरत होती तेवढाच आवाज. दादा पुढे होता, त्याचे खांदे सैल सुटलेले. कारखान्यातून घरी येणारा माणूस हाच का, असं मला वाटलं होतं.

आणि मागून कोणी येत नाही अशाच एका वाटेवर तो गेला. मोहाच्या झाडाला पाठ टेकून बसलेला सापडला. बूट काढून शेजारी ठेवलेले. सायकल झाडाला नीट टेकवलेली, तिच्यावर एक ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. नातेवाईक म्हणाले, रेतीच्या गाडीनं उडवलं असेल, मग कोणीतरी उचलून झाडाखाली बसवलं असेल. ते मला पटलं नाही, पण डॉक्टरांचं म्हणणं तरी कुठे पटत होतं? घरी भेडाघाट सांगून तो शहराच्या दुसऱ्याच टोकाला का गेला? त्याचा फोन दुबेजींच्या हातात कसा? आणि सगळ्यांत खुपणारी गोष्ट म्हणजे, दुबेजींनी शालूवहिनीला सोडून आधी मला काहून फोन केला? तेराव्याला ते आले, दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि पान वाढायच्या आत निघून गेले. वहिनीला मी म्हटलं, या माणसाला बसवून विचारलं पाहिजे. ती म्हणाली, "आता विचारून काय होणार आहे?" तिचा तो थंडपणाही मला संशयाचाच वाटला.

शेवटी ओमतीच्या बाजारात दुबेजी समोरच आले. ते रस्ता ओलांडायच्या बेतात होते. मी वाट अडवली. "दुबेजी, आप क्या छुपा रहे हैं?"

ते तिथेच, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. म्हणाले, थंडी सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांनी दादाला चढ बंद करायला सांगितलं होतं. सपाटीवर हळूहळू चालवा, म्हणून. भेडाघाटकडची त्यांची वाट सपाट, गौरच्या खोऱ्यातली चढाची. म्हणून घरी भेडाघाट सांगायचं. "मैंने मना किया था, दीदी. बोले, तुम नहीं आओगे तो अकेला जाऊँगा. तो मैं जाता रहा." त्या दिवशी चढ संपायच्या आधीच दादाची छाती भरून आली. तो बसला, बूट काढले. दुबेजींच्या फोनची बॅटरी संपलेली, खोऱ्यात सिग्नल नाही. म्हणून दादाचाच फोन घेऊन ते टेकडीवर धावले. "बोले थे, भाभी को मत लगाना, सुनंदा को लगाना... नीचे आया तो..."

मी विश्वास ठेवला नाही. इतकं सरळ सगळं बसत असलं की मला उलट जास्त शंका येते. म्हटलं, "मुझे वो जगह दिखाइए."

पुढच्या रविवारी आम्ही शेवटच्या गावापर्यंत गाडीनं गेलो आणि तिथून चालत. सागाची सुकलेली पानं, वळणावर खाली दिसणारी नदी, आणि खरोखर एकही गाडी नाही. मोहाच्या झाडापाशी मी फोन काढला. सिग्नल नव्हता. दुबेजींना खाली थांबायला सांगून मी एकटीच टेकडी चढले, फोन समोर धरून. अर्ध्यावर नाही. त्याच्या वर नाही. अगदी माथ्यावर, धाप लागून गुडघ्यांवर हात टेकले, तेव्हा सिग्नल येऊन फोन वाजला. खालून दुबेजी वर बघत होते. एवढ्या लांबून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. पण या वयात, सायकलचे बूट घालून, ते ही टेकडी धावत चढले होते. तेवढं मला मान्य करावं लागलं. राग मात्र गेला नाही. त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

तशीच अधारतालला गेले. वहिनी मागच्या अंगणात नळापाशी होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "वहिनी, दादा भेडाघाटला जातच नव्हता."

"ठाऊक आहे मला."

"कोणी सांगितलं? दुबेजींनी?"

"ते काय सांगतात! मोजे तर मीच धुवून राहिली होती न." तिनं नळ बंद केला. "भेडाघाटकडची माती काळी. भिजवली की सुटते. हा लाल मुरूम... कितीही घासा, टाचेला राहतोच. गोळ्यांचं पाकीट पण सापडलं होतं मला, खिशात."

"मग विचारलं काहून नाही तुम्ही?"

तिनं नळाखालची बादली उपडी केली. मग म्हणाली, "विचारलं असतं तर थांबले असते ग. माझं ऐकत होते ते." आणि पदरानं हात पुसत, "रविवारी दारातूनच हसत यायचे. नोकरीत असताना कधी पाहिलं होतं तू त्यांना तसं?"

दादा त्या वाटेवर काय करत होता, हे आता मला कळलं आहे. पण वहिनीनं केलं ते बरोबर की चूक, हे मला ठरवता येत नाही, आणि तिच्याकडे बघताना अजूनही नजर जराशी चुकते. तारेवर ते पांढरे मोजे होते, टाचेला विटकरी डाग असलेले. घडी करून कपाटात ठेवू का, म्हणून मी विचारलं.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "वाळले नाहीत अजून."

मी हात लावून पाहिला. कधीच वाळले होते.