मामाजी आणि पहाडातली पांढरी वाइन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते दवनीवाड्याच्या माझ्या मामाजींचे. आणि त्यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडणार नाही. ऑटोत बसले की ते दोन्ही हातांनी ड्रायव्हरचा शर्ट धरत. मोबाइल चार्जिंगला लावला की त्याच्याकडे पाठ करून बसत. माझ्या बारावीच्या परीक्षेत पेपर मी लिहीत होतो आणि ताप त्यांना आला होता. तरीही आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर घडवला तो याच माणसानं. वडील मोहाच्या दारूत गेले, तेव्हा मला मामाजींनीच आपल्या घरी आणलं.

म्हणूनच हॉटेल मॅनेजमेंट शिकून आल्प्सच्या पहाडातल्या एका हॉटेलात वाइन चाखून पाहुण्यांना वाढायची नोकरी मिळाली, तेव्हा ते त्यांना सांगायचा मला धीर होईना. त्यांच्या होकाराशिवाय मी जाणार नव्हतो. समजावण्यासाठी तिकडचीच एक पांढरी वाइन सोबत नेली. बाटली पाहताच मामाजींनी आधी दाराला कडी घातली.

"घरात कायले आणली रे? तुह्या बापाचंबी एका घोटापासूनच सुरू झालं होतं."

मी सांगितलं, ही गोड नसते, हलकी असते. थंड करून तळ्यातल्या मासोळीसोबत नाहीतर चीजसोबत घेतात. तिखट रश्शापुढे तिची चवच लागत नाही. मामीजींनी बोदलकसा तलावातली मासोळी नुसतं मीठ-हळद लावून तव्यावर भाजली.

"बिना मिरचीची?" मामाजी आणखीच घाबरले. "हे खाऊन त माणूस बिना पेल्याच मरन!"

मी गिलास तिरपा केला, वास घेतला, घोट तोंडात फिरवला. मामाजींनी मामीजींचा हात घट्ट धरला. मी वाकून घोट पाण्याच्या गडव्यात थुंकला.

"माहा गडवा!" मामीजी ओरडल्या.

"थुकला काऊन?" मामाजींनी विचारलं.

"चव पाहणारा गिळत नाही, मामाजी. गिळली तर पुढच्या बाटलीची चव कळत नाही."

"रोज असाच थुकशीन?"

"रोज."

"पुन्हा करून दाखव."

मासोळी थंड होईपर्यंत ते माझ्याकडून करून घेत राहिले. दर वेळी माझा गळा हलतो का, ते वाकून बघत. स्वतः तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे, त्यामुळे थुंकण्याची त्यांना चांगली पारख होती. शेवटी हळूच म्हणाले, "थुकता त चांगला येते तुले. जाय."

आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. स्टेशनवर मामाजी वाकले, आणि गाडीची शिटी झाली तरी त्यांचे हात माझ्या पायांवरून निघेनात.

इथं पोचल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं:

"मामाजी, नमस्कार. इथल्या तळ्यातली मासोळी लहान असते. लोणी-लिंबू लावून देतात, सोबत तीच वाइन. मी चव पाहतो अन् थुंकतो. पण गिळली की थुंकली, हे इथं कोणी वाकून बघत नाही. त्याचीच भीती वाटून राहते. आजवर माझ्या वाट्याचंही तुम्हीच भिऊन घेत होता. आता माझं मलाच भ्यावं लागते."