अच्युतरावांच्या साखरेची चढण

अच्युतराव सरंजामे यांचा माणसांवर विश्वास बेताचा, सुट्या आकड्यांवर त्याहून कमी. पण आलेखावर मात्र आंधळा. भोपाळच्या सोनागिरी वस्तीला लागून असलेल्या सरकारी कारखान्यात त्यांची सारी नोकरी माल तपासण्यात गेली. साताऱ्याहून आले होते दोन वर्षांसाठी, निवृत्त झाले भोपाळातच. एखादा कामगार नवा नग नाचवत "साहब, नाप एकदम बढ़िया है" म्हणाला, की हे चष्म्यावरून बघत म्हणायचे, "एक नाप से क्या होता है भैया, ग्राफ दिखाओ." आलेखाची रेघ वर चढायला लागली की माल नापास. मग कारखान्याचा मोठा साहेब मध्ये पडला तरी तो पास होत नसे.

निवृत्तीनंतर तपासायला नग उरला नाही, तेव्हा डॉक्टरांनी कृपा केली आणि त्यांच्या रक्तात साखर शोधून काढली. त्याच संध्याकाळी वंदनाताईंनी रविवारची जलेबी बंद केली. भोपाळात रविवारी सकाळी जलेबीशिवाय पोहे खाणं म्हणजे लग्नाला जाऊन अक्षता टाकायच्या आणि जेवायच्या आधी परत फिरायचं. अच्युतरावांनी तीन दिवस असहकार केला. अखेर तह झाला.

"दोन महिन्यांत साखर उतरली तर रविवारी एक जलेबी," वंदनाताई म्हणाल्या.

"उतरली की नाही, हे ठरवणार कोण?"

"तुमचा तो लाडका ग्राफ ठरवेल. मी कोण ठरवणार?"

आता आलेख साध्या कागदावर काढला असता तर काय बिघडलं असतं? पण अच्युतरावांनी नुकताच व्हिडिओ बघून बघून संगणकाला कामं सांगायचा पायथन शिकायला घेतला होता, आणि त्यात आलेख काढून देणारी मॅटप्लॉटलिब नावाची वस्तू त्यांना सापडली होती. तिचं नाव ते नव्या सुनेचं घ्यावं तसं कौतुकाने आणि दर वेळी पूर्ण घेत.

सुनेने पहिल्याच दिवशी रंग दाखवला. 'अच्युतची साखर' असं मथळ्यात लिहिलं, तर पडद्यावर नुसते रिकामे चौकोन, ओळीने मांडलेल्या फरसाणच्या डब्यांसारखे. मथळा मराठीतच हवा होता, आकडेसुद्धा. कारण मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी माईक हातात घेऊन जाहीर केलं होतं, की यापुढे सरंजामे मराठी आकड्यांखेरीज दुसरा आकडा लिहिणार नाहीत. तेव्हापासून दूधवाल्याला चिठ्ठीसुद्धा मराठी आकड्यांत जाई आणि तो बिचारा "अंकलजी, ये कितने लीटर?" म्हणून रोज घंटी वाजवी. तर त्या चौकोनांशी अच्युतराव आठवडाभर झुंजले. शेवटी मराठीचा फॉन्ट नेमून दिला तेव्हा डबे उघडून अक्षरं बाहेर आली आणि त्यांनी आनंदाने वंदनाताईंना स्वयंपाकघरातून ओढत आणलं.

त्या आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "अहो, पण ही रेघ वर चाललीय."

चाललीच होती. रोज सकाळी बोटाला सुई टोचायची, आकडा भरायचा, आलेख काढायचा, की रेघ एक पायरी वर. मधूनच एखादी घसरगुंडी, पण पुन्हा चढण. डावीकडच्या उभ्या अक्षावरचे आकडे तर एकमेकांवर इतके चढले होते की तिथे शाई सांडल्यासारखा काळा पट्टा झाला होता. "छपाईचा दोष," अच्युतरावांनी निकाल दिला. "आकडे वाचू नका, चाल बघा."

वंदनाताईंनी चाल बघितली आणि बटाटा गेला. पुढल्या आठवड्यात भात गेला. मग आंबा. एके दिवशी अच्युतरावांनी साखर मोजायच्या यंत्रातला आकडा दाखवून "आज बरा दिसतोय गं" असं चाचरत म्हणून पाहिलं.

"एका आकड्यावर काय जाता?" वंदनाताई म्हणाल्या. "ग्राफ बघा."

आपलंच वाक्य आपल्यावर असं उलटल्यावर माणसाने काय करावं? अच्युतरावांनी मुकाट्याने कारल्याचा रस प्यायला. रोज प्यायला लागले. ते वाळले, पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, पण रेघ काही ऐकेना. स्वतःचं रक्त नापास मालात निघालं याचं त्यांना मनापासून वाईट वाटू लागलं.

मुदतीच्या शेवटच्या शनिवारी त्यांची पुतणी जुई शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोटरा सुल्तानाबादहून आली. जुई एका कंपनीत आकड्यांचंच काम करते. काकांनी पडेल चेहऱ्याने आलेख पुढे केला.

"काका, ये क्या है? साखर आहे की एव्हरेस्ट?" मग ती त्या काळ्या पट्ट्याकडे बघत राहिली. "हे आकडे खालून वर वाचून दाखवा ना."

"वाचता येत नाहीत."

"तर मग चित्र उंच करा. दिक्कत काय आहे? कारखान्यात माल नापास करायच्या आधी मोजायचं गेज तपासायचात की नाही?"

हा वार वर्मी बसला. अच्युतरावांनी तडक चित्राची उंची वाढवली. आकडे सुटे झाले. ते बोट ठेवून वाचू लागले, "एकशे ऐंशी... एकशे बहात्तर... एकशे पंचाहत्तर... एकशे साठ..." वरपर्यंत पोचले आणि ओरडलेच. "जुई, इथे माथ्यावर एकशे अठरा आहे गं!"

"म्हणजे तुमची शुगर उतरतेय आणि ग्राफ चढतोय!" जुई खुर्चीत उसळली. "काका, तुम्ही मराठीत टाकलेले आकडे तो पायथन आकडे म्हणून घेतच नाहीये. फाइलमधून वाचताना ते शब्द झाले. नवा शब्द दिसला की ठेव मागच्याच्या डोक्यावर! जुना आला की तो त्याच्या जुन्या पायरीवर."

"मग आता इंग्रजी आकडे?" अच्युतरावांचा चेहरा माईकसमोरच्या शपथेच्या आठवणीने उतरला.

"कशाला? सगळे int मधून काढा, तो शब्दाचा आकडा करून देतो. उसको मराठी आती है."

"मराठी येते? आणि दोन महिने बोलला नाही?"

एका ओळीची दुरुस्ती झाली. रेघ घाटातून एसटी उतरावी तशी वळणं घेत खाली आली. अच्युतरावांनी "अहो ऐकलंत का!" अशी हाक मारली, लग्न झाल्यापासून ही हाक उलट्या दिशेने प्रथमच गेली. वंदनाताई आल्या, चष्मा पुसून बघितलं, अक्षावरचे आकडे स्वतः खालून वर वाचले. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं थोडं.

"बघा," त्या म्हणाल्या, "कारल्याने केवढा गुण आला! आता सोडायचं नाही."

"अगं, पण तह..."

"रोज दोन वेळा देते."

"काकू," जुई मध्ये पडली, "ये तो चीटिंग है. ग्राफ उतरला तर जलेबी, असं ठरलं होतं."

वंदनाताईंनी बराच विचार केला. दोन महिने चुकीच्या रेघेपायी आपण या माणसाचा भात, बटाटा आणि ऐन मोसमातला आंबा बंद केला, हेही त्यांच्या मनात आलं असावं. पण ते बोलून दाखवण्याइतक्या त्या हरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या बशीत जलेबी आली. एकच, पण दुकानात उभं राहून निवडून आणलेली, भरगच्च वळशांची. अच्युतरावांनी डोळे मिटून पहिला वळसा तोडला. वंदनाताई समोरच बसल्या होत्या, एका हातात साखरेचं यंत्र, दुसऱ्यात कारल्याचा पेला.

"सावकाश खा हो," त्या म्हणाल्या. "मला काही घाई नाही."