मिरचीच्या शेतातले वैमानिक

कोणत्या वयात माणसानं काय करावं, याचे जगानं घालून दिलेले सगळे नियम माझ्या मामांनी धाब्यावर बसवले होते. ज्या वयात लोक मुलीसाठी स्थळं बघतात, त्या बेचाळिसाव्या वर्षी, नंदुरबारजवळची मिरचीची चांगली चालती शेती सोडून, त्यांनी उतारू नेणाऱ्या विमानाचा चालक व्हायचं ठरवलं. विमान त्यांनी पाहिलं होतं एकदाच, तेही खालून.

तयारी मात्र कडक. गाडी जुंपण्याआधी ते चिमूटभर कापूस हवेत सोडून वारा बघत आणि बैल माना वळवून त्यांच्याकडे बघत. बाजाराच्या दिवशी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला दोरीनं बांधून घ्यावं लागे. आजीनं कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "माय, इमानमा बी असंच बांधतस!" उंचीची सवय व्हावी म्हणून तोरणमाळला जाऊन कड्यावर उभे राहिले आणि पुढे आठ दिवस सांगत होते, "मन्ही छाती जराबी धडधडनी नही." पाय लटपटले होते, असं सोबतचा गाडीवान म्हणे, छातीबद्दल त्याचीही तक्रार नव्हती.

मुंबईच्या एका विमानशाळेनं त्यांना शिकवायचं कबूल केलं. फक्त डॉक्टरची तपासणी पार पडायला हवी होती. मामीनं दशम्या बांधून दिल्या. सोबत मी गेलो. दम, कान, नाडी, सगळं उत्तम निघालं. मग डॉक्टरांनी एक लाल दिवा दाखवला, एक हिरवा. मामा दोन्हींना एकच रंग सांगून मोकळे झाले. डॉक्टरांनी पुन्हा दाखवले, पुन्हा तेच. "तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही," ते हळू आवाजात म्हणाले, "विमान नाही चालवता येणार." जन्मभर लाल मिरची पिकवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागावं! मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

घरी आल्यावर मामांनी मामीला सांगितलं.

"माले ठाऊक व्हतं," मामी म्हणाली. मामांनी लाल म्हणून तोडून टोपलीत टाकलेल्या मिरच्यांमधल्या हिरव्या ती वीस वर्षं गुपचूप वेगळ्या काढत आली होती.

"मंग सांगं का नही?"

"तुम्ही इतला खुशीमा व्हतात. मन्ही जीभच उचलनी नही."

मामा तिच्यावर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिरची वाळायला पसरली होती, पार बांधापर्यंत. त्या मिरचीकडे बघत ते बराच वेळ उभे होते. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "भाऊ, लाल कसा दिसस रे?"

मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो, बोलण्यात कुणाला हार जात नसे. त्या सगळ्या मिरचीकडे बघत राहिलो आणि मला एक शब्दही सापडला नाही.