चपट्या किड्यांचा रविवार

घड्याळजींच्या बैठकीतली खाऱ्या पाण्याची टाकी त्यांच्या लेकीची. ती नोकरीसाठी लांब गेली आणि मासे-पोवळी बापाच्या गळ्यात पडली. बायको आधीच गेलेली. लेकीचा रविवारचा फोन पाच मिनिटांत आटपायचा.

मग काचेवर तांबूस, चपटे किडे दिसले आणि फोन लांबला.

"बाबा, औषध लगेच ओतू नका. किडे एकदम मेले की पाण्यात विष सोडतात, मासे मरतील. आधी नळीने ओढून काढा."

"तुझी आईसुद्धा मला इतक्या सूचना देत नव्हती."

"देत होती. तुम्ही ऐकत नव्हता."

घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून पोवळ्यांवरचे किडे रोज ओढले. उरलेल्यांवर औषध घातलं, ते मरताच विष काढायला कोळशाच्या गाळणीतून पाणी फिरवलं. मासे वाचले, टाकी स्वच्छ झाली.

रविवारी लेकीने विचारलं, "गेले का?"

घड्याळजी काचेकडे बघत म्हणाले, "दगडाखाली दिसतात अजून थोडे."

तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. त्यांनी तिला मध्ये एकदाही तोडलं नाही.