ग्रहणात वायर कापायची नसते

सास्तूरच्या आमच्या घरात इंटरनेटच्या दोन वायरी आल्या, कारण एकाच कंपनीवर माझा भरवसा नव्हता. दोघींच्या चढाओढीत आपलं भलं होईल असं वाटलं. दुसरी वायर जोडायला आला तो पहिलीचाच माणूस, टी-शर्ट तेवढा वेगळा. माझा जुना विद्यार्थी. सातवीत मीच त्याला विज्ञान शिकवलेलं.

दिवाळीत सूर्यग्रहण आलं, त्याच दिवशी संध्याकाळी सव्वापाचला लेकीची मुलाखत होती. परदेशी कंपनीची, घरबसल्या कॉम्प्युटरवर. वर्षभरात आलेलं हे एकच बोलावणं. आणि चारच्या सुमारास सोयाबीनचं मळणीयंत्र ओढत निघालेल्या ट्रॅक्टरनं चौकातल्या दोन्ही वायरी तोडल्या. दोन्ही एकाच खांबावर होत्या.

वायर जोडणारा तो विद्यार्थी लगेच आला, पण वायरीला हात लावीना. फायबर कापल्याशिवाय जोडता येत नाही, आणि त्याची बायको गरोदर. अशा बाईनं ग्रहणात काही चिरू-कापू नये म्हणतात. त्याच्या आईनं तो नेम लेकालाही लावला होता. वेध सकाळीच लागलेले. सूर्य ग्रहणातच मावळणार होता, म्हणजे सुटका दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच.

माझं डोकं फिरलं. भर चौकात मी पुन्हा सातवीचा वर्ग घेतला. त्याचं हेल्मेट सूर्य, माझी मूठ चंद्र. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"सर, तुमचं खरंच हाय. पर लेकरात काय कमी निघालं, तर म्या बायकोला सावलीचं सांगू का?"

घड्याळात पाहिलं तर पाच वाजत आलेले. मी शिकवत बसलो नसतो तर तेवढ्या वेळात लेकीला मोटारसायकलवर तालुक्याला, लोहाऱ्याला, चालू नेटवर पोचवलं असतं. स्वतःचीच लाज वाटली.

तिनं गच्चीवर मोबाइल धरून मुलाखत दिली. दोनदा नाव सांगितलं, तिसऱ्यांदा पडदा थिजला. मी मागं नुसता उभा.

"बाबा, तुम्ही खाली जा," ती म्हणाली. मी गेलो.

पुन्हा बोलावणं आलं नाही. थंडीत तो पेढे घेऊन आला. मुलगी झाली होती. नाक, कान, बोटं, सगळं जागच्या जागी असल्याचं त्यानं दोनदा सांगितलं. मला खरंच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. निघताना त्यानं लेकीला विचारलं, "ताई, त्या दिवशीची मुलाखत झाली का वो?"

"झाली की," ती म्हणाली, आणि पेढ्यांचा पुडा आत घेऊन गेली.